बाटलीतले तिखट आणि अंड्याची पोळी

मिरचीशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा आहे अशा आपल्यासारख्या लोकांना सॉसच्या एका बाटलीने काय शिकवावे, असा अभिमान महाराष्ट्रीय मुदपाकखान्यात सहज संभवतो, आणि तो सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणवत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरलेल्या ह्या परक्या फळाची लवंगी, संकेश्वरी, भिवापुरी अशी घराणी आपण निर्माण केली, त्याचे ठेचे कुटले, त्याची पूड डब्यांतून भरली. परंतु ठेचा हा त्या दिवसाचा, फार तर दुसऱ्या दिवसाचा जिन्नस. सॉस मात्र महिनोन्‌महिने बाटलीत नांदावयाचा असतो, आणि जे साठवावयाचे त्याचे कायदे, ज्याचा तत्काळ फडशा पाडावयाचा त्याच्या कायद्यांहून अगदी निराळे असतात. आमच्या घरी ह्या कायद्यांचा परिचय करून देण्याचे श्रेय माझ्या भाच्याचे. त्याने सुटीत येऊन जे काही केले, त्याचा पंचनामा इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडतो.

त्याच्यापुढे आदर्श होता तो अमेरिकेतील लुइझियाना प्रांतातल्या टॅबास्को सॉसचा. 1868 पासून चालत आलेल्या त्या पद्धतीत पिकलेल्या लाल मिरचीचा लगदा मीठ घालून लाकडी पिंपांत दीर्घकाळ मुरवतात आणि मग त्यात शिरका मिसळून गाळतात. मुरण्याची ही क्रिया म्हणजे एक प्रकारचे आंबवणच होय. मिठाच्या सान्निध्यात दह्यातील जिवाणूंच्या जातकुळीचे जिवाणू मिरचीतील साखरेचे आम्ल करतात, आणि ते करीत असता कर्बद्विप्राणिद वायूही सोडतात. भाच्याने मिरचीही नीट घेतली आणि मीठही बेताचे घातले, पण बाटली गळ्यापर्यंत भरून, झाकण पिळून, ती चुलीजवळच्या फडताळात ठेवून दिली, आणि तीही ऐन वैशाखात. एका दुपारी घरातील सर्व मंडळी वामकुक्षीत असता जो आवाज झाला, त्याने प्रथम शेजाऱ्यांना आणि मग आम्हाला जाग आली. झाकण कोठे गेले ते दिवाळीच्या साफसफाईत सापडले. छताचा रंग मात्र आजतागायत तसाच आहे.

म्हणून ज्यांना हा उद्योग करावयाचा असेल त्यांनी अर्धा किलो मिरचीस सुमारे 15 ग्रॅम मीठ धरावे, बरणीचा वरचा चतुर्थांश भाग रिकामा सोडावा, झाकण सैल ठेवावे आणि लगदा रोज स्वच्छ, कोरड्या चमच्याने खाली दाबून घ्यावा. आपल्याकडील हवेत आठवडा-दीड आठवडा पुरतो. वर पांढरी साय धरली तर ती काढून टाकावी. परंतु केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी दिसल्यास ममता न धरता सबंध बरणी रिती करावी. नंतर लगदा अर्धी वाटी शिरक्याबरोबर वाटून, गाळून, एक उकळी द्यावी. भांडे पोलादाचे किंवा काचेचे असावे. कल्हई गेलेल्या पितळेत हा पदार्थ कळकतो आणि ॲल्युमिनियमही त्याच्या आम्लापुढे टिकत नाही.

येथे आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या बाईंनी लोणच्याच्या शिरस्त्याचा दाखला देऊन, सॉसमध्ये लसूण घालावी आणि वर तेलाचा थर द्यावा म्हणजे तो वर्षभर टिकेल, असा हुकूम सोडला होता. लोणच्याच्या बाबतीत त्यांचा अधिकार निर्विवाद आहे, कारण तेथे मीठ आणि आंबटपणा दोन्ही जबर असतात. पण ज्यात आम्ल पुरेसे नाही अशा लसणीच्या लगद्यावर तेल ओतून तो फडताळात ठेवणे म्हणजे प्राणवायूवाचून वाढणाऱ्या बोट्युलिनम नामक जिवाणूला आपण होऊन बिऱ्हाड देणे आहे, आणि त्याचे विष वासाने वा चवीने ओळखू येईलच असा भरवसा नाही. आम्लता मोजण्याच्या कागदी पट्ट्या रसायनांच्या दुकानात मिळतात, पीएच 4.6 च्या खाली हा जिवाणू वाढत नाही, तरीही आपण 4 किंवा त्याहून कमीचा आग्रह धरावा आणि बाटली फ्रिजमध्येच ठेवावी. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमच्या पट्ट्या तुम्ही ठेवा, माझं लोणचं मी ठेवते.” दोन्ही व्यवस्था अद्याप चालू आहेत.

हातांविषयीही एक शब्द सांगणे अवश्य आहे. मिरचीचा जाळ बियांत असतो हा सार्वत्रिक समज चुकीचा असून, ज्या पांढऱ्या गाभ्याला बिया लटकलेल्या असतात तेथेच तो प्रामुख्याने निर्माण होतो. तेव्हा मिरची चिरून गाभा खरवडणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि ते न घातल्यास पाण्याखाली हात धरून सुटका होईल अशी आशा बाळगू नये. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. आधी तेल चोळून मग साबण लावावा, आणि डोळ्यांस हात त्यानंतरही बराच वेळ लावू नये.

इतके सोपस्कार उरकून सॉस सिद्ध झाला, आणि त्याचा पहिला विनियोग अंड्याच्या पोळीत, म्हणजे आम्लेटात, करावा असे ठरले. तेव्हा माझी अशी समजूत झाली की बाटलीतले संकट संपले. वस्तुतः तव्यावरचे सुरू होत होते. भाच्याने फेटलेल्या अंड्यांतच सॉसचा सढळ हाताने अभिषेक केला. शिरक्याच्या आम्लाने अंडे नेहमीपेक्षा लवकर आळते. पांढरा बलक साधारण 62 अंशांपासूनच घट्ट होऊ लागतो आणि पिवळा त्यानंतर थोड्याच अंतराने, त्यामुळे ही घाई तव्यावर आवरत नाही. पोळी कडांना रबरासारखी झाली आणि मध्ये तिने पाणी सोडले. दुसऱ्या खेपेस त्याने धोरण बदलले आणि सॉस तापलेल्या तव्यावर आधी ओतला. क्षणार्धात शिरक्याची वाफ झाली, तिच्यासोबत तिखटाचे सूक्ष्म तुषार उठले, आणि असा खकाणा घरभर पसरला की दम्याच्या जुन्या आजाराने खोलीत पडून असलेल्या आमच्या काकांना धरून गच्चीवर न्यावे लागले. ज्या घरात दमेकरी किंवा तान्हे मूल आहे तेथे हा प्रयोग कोणी कदापि करू नये.

ह्यावरून मी जे अनुमान काढले ते असे, की सॉसने तव्याकडे फिरकूच नये. त्याची जागा ताटात आहे. तव्यावरच्या तिखटाची तजवीज बारीक चिरलेल्या हिरव्या मिरचीने करावी, सोबत पाणी पिळून काढलेला कांदा, कोथिंबीर, चिमूटभर हळद आणि मीठ असावे. तूप मध्यम आचेवर तापवून मिश्रण ओतावे, झाकण ठेवावे, आणि वरचा भाग किंचित ओलसर असतानाच तवा खाली उतरवावा. सॉस मात्र वेगळ्या वाटीत, एक चमचा सॉसला दोन चमचे मऊ लोणी ह्या प्रमाणात कालवून घ्यावा. लोण्यातील स्निग्धांशात तिखट विरघळून सर्वत्र सारखे पसरते, एका घासाला सौम्य आणि पुढच्याला अग्निबाण असा पक्षपात होत नाही, आणि शिरक्याची धार बोथट होते. हे लोणी पोळीच्या पोटात पसरून ती दुमडावी. गोव्यात संध्याकाळी गाड्यांवर जे रॉस आम्लेट मिळते, त्यात शागोतीचा झणझणीत रस्सा तयार आम्लेटावर ओतून, वर कांदा आणि लिंबू देऊन ते पावासोबत खातात. रस्सा अंड्यात न फेटण्याचे हे शहाणपण त्या गाडेवाल्यांना पूर्वापार अवगत आहे.

ही पोळी तव्यावरून थेट तोंडात घालू नये. सुमारे 43 अंशांहून अधिक उष्णता आणि मिरचीतील तिखट ह्या दोहोंची वर्दी आपल्या शरीरात एकाच ग्राहकाकडून मेंदूकडे जाते. डेव्हिड ज्युलियस ह्यांनी 1997 मध्ये तो ग्राहक ओळखला आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच, की कढत पोळीवरचा सॉस आहे त्याहून अधिक तिखट भासतो, आणि मिनिटभर थांबल्यास त्याच सॉसची खरी चव कळते. तरीही जीभ पोळलीच तर पाण्याचा पेला दूर सारून दही किंवा दूध घ्यावे, कारण दुधातील प्रथिन तिखटाला धरून जिभेवरून काढून नेते. भाचा अजूनही पाणीच पितो आणि “मामा, तुमचं दही नको, जळजळीतच मजा आहे” असे डोळे पुसत सांगतो. त्याचा नाइलाज आहे.

गाळल्यावर उरलेला चोथा मात्र कोणी टाकू नये. तो ताटात पातळ पसरून, वर पातळ फडके बांधून, कडक उन्हात वाळवावा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर कुटावा. मिठाची भर घालावी लागत नाही, आंबटपणा आधीच मुरलेला असतो, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ही चटणी मूळ सॉसपेक्षाही सरस लागते, असे माझे प्रामाणिक मत आहे.