साचा तयार, मथळा आपला

पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या अनेक मूर्ती एकाच साच्यातून निघतात. साच्याला कोणी हात लावीत नाही. डोळ्यांची आखणी व रंगकाम मात्र मूर्तीगणिक निराळे. संगणकावरील वेबपान सजवण्याची आजची रीत बरीचशी अशीच आहे.

पानाच्या सजावटीचे नियम ज्या भाषेत लिहितात तिला सीएसएस म्हणतात. हाकोन व्यूम ली यांनी ती १९९४ साली सुचवली, तेव्हा ते जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकीच्या प्रयोगशाळेत होते. (आमच्या विषयाचा हा आडवाटेचा उपकार!) पुढे तयार नियमांचे संच निघाले. ट्विटर कंपनीतील मार्क ओटो व जेकब थॉर्नटन यांचा ‘बूटस्ट्रॅप’ हा संच २०११ साली सर्वांना खुला झाला. त्यातल्या प्रत्येक साच्याला ‘क्लास’ म्हणतात. खुणेला ‘अलर्ट’ व ‘अलर्ट-वॉर्निंग’ ही नावे दिली, की पिवळसर चौकट आयती मिळते. ही नावे अर्थातच रोमन लिपीत लिहावयाची.

समजा, खांबच्या एखाद्या शाळेला पावसाळ्यात सूचना द्यायची आहे: ‘कुंडलिकेला पूर, दहावीच्या वर्गांना सुट्टी’. मथळ्यासाठी ‘एच-वन’ हा क्लास वापरला. मोबाइलवर मथळ्याच्या दोन ओळी झाल्या, आणि ‘पूर’मधला ऊकार खालच्या ‘वर्गांना’च्या रफार-अनुस्वाराला जाऊन भिडला! असे का व्हावे? बूटस्ट्रॅपमध्ये मथळ्याच्या ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट असते. अक्षर ३० पिक्सेलचे, तर ओळ ३६ पिक्सेलची. रोमन लिपीला एवढे पुरते. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. त्यांना जागा हवी.

संचात ‘एलएच-एलजी’ हा क्लास आहे, पण तो ओळ दुप्पट करतो; मथळा विसविशीत दिसतो. तेव्हा आपलाच ‘मथळा’ नावाचा क्लास करू या आणि ओळीची उंची १.६ ठेवू या. तो बूटस्ट्रॅपच्या फाइलीत घालू नका. नवी आवृत्ती आली की तुमची भर पुसली जाईल. आपली फाइल वेगळी करा आणि पानात ती बूटस्ट्रॅपच्या नंतर जोडा. दोन नियमांचे वजन सारखे असेल, तर मागाहून वाचलेला नियम लागू होतो. खुणेत ‘एच-वन मथळा’ लिहा की ‘मथळा एच-वन’, फरक शून्य! क्रम पाहिला जातो तो नियमांचा, नावांचा नव्हे. हे पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते.

मात्र ‘एलएच-एलजी’ तिथेच राहिला, तर आपले १.६ चालणार नाही. बूटस्ट्रॅपने त्या नियमावर ‘इम्पॉर्टंट’ असा शिक्का मारला आहे, आणि शिक्क्यापुढे क्रमाचे काही चालत नाही. तो क्लास काढून टाका.

अक्षरांत अंतर वाढवण्याचा नियमही मराठी मथळ्याला लावू नये, शिरोरेषा तुटते. आणि ‘टेक्स्ट-अपरकेस’ हा क्लास लावून पाहा: मराठी अक्षरांवर काहीच परिणाम होणार नाही. का, ते तुम्हीच सांगा.