तंगाखालचा हात

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून तू घोडी आणलीस आणि दोन दिवस आपल्या ओट्यावर तिच्या भोवऱ्यांशिवाय विषय नव्हता. देवमण आहे का, टिळा सरळ उतरतो का, पाय किती पांढरे. सगळे तोंडाकडून बघत होते. मी तिचा पुढचा पाय उचलून काखेमागं बघितलं. दोन्ही अंगांना रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे डाग. लाल घोडीला त्या जागी पांढरे केस जन्माने येत नाहीत, ते तंगाने येतात. जखम खोल गेली की कातडीतला रंग मरतो आणि मग उगवेल तो केस पांढराच. म्हणजे हिला तंग लागलेला आहे, आणि चांगलाच. पुढच्या खेपेला बाजारात आधी तिथं बघायचं, भोवरे मग मोजायचे.

परवा तू म्हणालास, घोडी खोडील आहे, तंग आवळायला गेलं की कान पाडते, वळून चावायला येते. अरे, ती खोडील नाही, पातळ कातडीची आहे. काठेवाडी रक्त आहे, केस बारीक, शीर न् शीर दिसते. जुन्या तट्टाला जे खपलं ते हिला खपणार नाही. त्यात जुनी दुखापत तिला आठवते. तू पट्टा हातात घेतलास की ती तुला सांगते, इथं दुखलं होतं. त्यावर तू चाबूक दाखवलास तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, सरळ लाथ घालेल. आणखी एक बघ, पोट रिकामं असताना तंग ओढला तरी काही घोडी अशीच करतात. आधी थोडा कडबा, थोडं गवत खाऊ दे, मग खोगीर.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. तुझ्याएवढा होतो तेव्हा रामनवमीला जांबेला घोडं घेऊन गेलो होतो. सुती तंग तुटला, म्हणून कुणाची तरी नायलॉनची दोरी दुहेरी करून बांधली. दोन दिवस पाहुण्यांच्या पोरांना फेऱ्या मारल्या. चैताचं ऊन, घाम, धुरळा. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना दोरी सोडली तर दोरीबरोबर वीतभर सालटं आलं. वर एका शहाण्याच्या सांगण्यावरून इंजिनाचं जळकं ऑइल फासलं. जखम चिघळली, माशा बसल्या, आळ्या पडल्या. आषाढी गेली तरी त्या घोड्यावर खोगीर ठेवता आलं नाही. तूही रामनवमीलाच जांबेला जायचं म्हणतोस, म्हणून हे सगळं आत्ताच सांगतोय. आपल्या पिंपळगावाहून जांब काही लांब नाही, पण घोडीची कातडी अंतर मोजत नाही, घासण मोजते.

आपली माती काळी. ओली असताना चिकटते, वाळली की भुकटी होते. ती घामात कालवली आणि वर पट्टा फिरायला लागला की झालं पॉलिशपेपरचं काम. कुंभाराला बघ. चिखल मळायच्या आधी तो माती चाळून घेतो, कारण एक खडा राहिला तर भाजताना मडकं तडकतं. तुझ्या तबेल्यातली लीद चिखलात मिसळायला तो घेऊन जाईल तेव्हा त्याची चाळणी नीट बघून ठेव. तंगाखालची जागाही तशीच चाळल्यासारखी साफ पाहिजे. खरारा सगळ्या अंगाला कर, पण काखेमागं खरारा नको, मऊ ब्रश, आणि शेवटी उघडा तळहात उलटा-सुलटा फिरव. हाताला कुसळ लागतं, खडा लागतो, डोळ्याला दिसत नाही ती ऊब लागते. या कामाला हातासारखं दुसरं अवजार नाही.

तंग बांधताना कोपरामागं चार बोटं जागा सोड. कोपराच्या वळीत पट्टा गेला की प्रत्येक पावलाला चिमटा बसतो. एका दमात आवळायचं नाही. आधी नुसता लागेल इतका, मग घोडी दहा-वीस पावलं चालव, मग एक भोक, पुन्हा चालव, मग दुसरं. बरीच घोडी पोट फुगवून उभी राहतात, ते चालल्यावर उतरतं. आवळून झालं की पुढचे पाय एकेक करून गुडघ्याखाली धरून पुढं ओढ, म्हणजे पट्ट्याखाली अडकलेली कातडीची घडी सुटते. हे एवढं केलं तरी निम्मं दुखणं टळतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. मग दोन बोटं पट्ट्याखाली सपाट जातात का बघ. जात नसतील तर फार आवळलंय. चार सैल जात असतील तर तेही वाईट, कारण सैल पट्टा सरकतो आणि सरकणारा पट्टाच जास्त घासतो. बक्कल काखेजवळ येऊ देऊ नकोस, वर खोगिराच्या बाजूला ठेव, खाली कातड्याची पट्टी घाल.

खोगीर पुढं घसरत असेल तर तंग आवळून ते थांबणार नाही. खोगीरच पाठीला बसत नाही, किंवा घोडी सुटली आहे, पोट गोल झालंय. भरती नीट कर, दुमची लाव. खोगीरभरती हा शब्द माणसांनी उगाच बदनाम केला, घोड्याच्या पाठीला ती फार मोलाची.

पट्टा कशाचा? रुंद सुती नवार, दुहेरी, शिवण बाहेरच्या अंगाला. कातडी तंग असेल तर तेल देऊन मऊ राखलेला, कडेला चिरा नसलेला. त्यावर लोकरीसकट मेंढीच्या कातड्याची खोळ चढवली तर पातळ कातडीला उत्तमच. घोंगडी गुंडाळायला जाऊ नकोस, ती टोचते. आणि प्रत्येक फेरीनंतर पट्टा धुवायचा. कपड्यांची पावडर वापरलीस तर चार पाण्यांतून काढ, तिचा अंश राहिला तरी कातडी चरचरते. शिवकाळातल्या पागेत 25 घोड्यांमागं पाणी आणणारा एक पखाली आणि एक नालबंद असे, हे सभासदाच्या बखरीत आहे. नालबंद कशाला हे कुणीही सांगेल. पखालीचं महत्त्व मला त्या रामनवमीनंतर कळलं.

आत्ता मार्गशीर्ष संपतोय, रामनवमीला तीन महिने आहेत. घोडी बाजारात नुसती उभी होती, कातडी नरम पडली आहे. पहिले पंधरा दिवस अर्ध्या तासाच्या वर नको, निम्मा वेळ चालवतच. घरी आल्यावर तंगाची जागा मिठाच्या पाण्याने पुसून कोरडी कर. त्याने कातडी निबर होते. पण हे फक्त धड कातडीवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद-लोण्याने बैलांचे खांदे मळतो, वर्षातून एकदा. घोडीच्या तंगाच्या जागेची खांदेमळण रोजच असते असं समज.

एवढं करूनही एखाद्या दिवशी हाताला ऊब लागेल, केस विस्कटलेले दिसतील, दाबलं की अंग थरथरेल. कातडी फुटलेली नाही, तोवर तू वेळेत आहेस. त्या दिवशी खोगीर खाली. गार पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. हातात धरून चालव, बसायचं नाही. ऊब आणि दुखणं पूर्ण गेल्याशिवाय तंग नको.

फुटलीच, तर पाणी उकळून निववायचं, लिटरमागं 9 ग्रॅम मीठ, म्हणजे दीड-दोन सपाट चमचे, आणि त्याने हलक्या हाताने धुवायचं. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात पातळ करून, फिक्या चहाच्या रंगाचं. रॉकेल, जळकं ऑइल, चुना, बॅटरीतली पूड यातलं काहीही नाही. कडुनिंबाचं तेल जखमेभोवती लाव, जखमेत नको, त्याने माशा लांब राहतात. मलम कोणतं ते डॉक्टर सांगतील. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नकोस. पाळीव जनावरांत घोड्याइतका धनुर्वात दुसऱ्या कुणाला सहज होत नाही, आणि झाला की सहसा घोडं हातचं जातं. जखम भरली तरी नवा केस नीट उगवेपर्यंत थांब. नवी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते.

प्रत्येक सूज तंगाचीच असते असंही नाही. छातीखाली, पोटाखाली सूज आली, गार आहे, दुखत नाही, बोट दाबलं तर खळगा राहतो, ताप येतो-जातो, घोडी खंगते, तर सर्रा असू शकतो. तो रक्त पिणाऱ्या माशा पसरवतात, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. गोल गोल केस गळून कोंडा दिसला तर गजकर्ण. ते उसन्या तंगातून येतं, म्हणून वरातवाल्यांना तुझा पट्टा देऊ नकोस आणि त्यांचा घेऊ नकोस. आणि गाठी येऊन फुटल्या, मधासारखा चिकट पू आला, तर हातच लावायचा नाही. तो ग्लँडर्स असू शकतो, माणसालाही होतो आणि कायद्याने कळवावा लागतो. 1962 या नंबरावर फोन केला की जनावरांच्या डॉक्टरांची गाडी येते. मोठं काही असेल तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे.

रविवारी मी येतोय. घोडीला खोगीर चढवून ठेवू नकोस, ते आपण दोघं मिळून चढवू. आणि तिच्याबरोबर बाजारातून आलेला तो पिवळा नायलॉनचा पट्टा मी यायच्या आधी खोगिरावरून काढून टाक.