थोड्या डेटावर मोठा निर्णय: आर आणि बेझियन हिशेबाची तयारी

छोट्या धंद्यात डेटा थोडा असतो, पण पैसे खरे अडकतात. समजा, नवा मसाला २० जणांनी नेला आणि त्यातले ६ परत आले, म्हणजे ३० टक्के. मोठी ऑर्डर परवडायला तुम्हाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त लोक परत यायला हवेत. मग द्यायची का ऑर्डर?

बेझियन पद्धत सांगते, आधीचा अनुभवही हिशेबात धरा. त्यासाठी लागणारं सगळं सॉफ्टवेअर फुकट आहे. फक्त क्रम पाळा.

१. आधी 'आर' टाका. ते 'क्रॅन' या अधिकृत साइटवरूनच घ्या.

२. मग 'आरस्टुडिओ डेस्कटॉप' टाका. हिशेब आर करतं, आरस्टुडिओ ही त्याची काम करायची खिडकी. म्हणून आर आधी.

३. फाइल मेनूतून न्यू प्रोजेक्ट करा. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्या. विक्रीची फाइल त्यातच ठेवा.

४. आता चाचणी. आधीच्या अशाच मालात १० पैकी २ ग्राहक परत आले होते असं धरू. दोन्ही मिळून ८ परत आले, २२ आले नाहीत. कन्सोलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरून हे लिहा:

१-पीबीटा(०.३, ८, २२)

पीबीटा हा एकच शब्द: पी, बी, ई, टी, ए, सगळी अक्षरं लहान. एंटर दाबा. उत्तर ०.३२ च्या आसपास येईल. म्हणजे खरा दर ३० टक्क्यांच्या वर असण्याची शक्यता जेमतेम ३२ टक्के! मोठी ऑर्डर थांबवा, छोटा लॉट घ्या, नवे आकडे जोडून पुन्हा बघा.

इथपर्यंत एकही पॅकेज लागलं नाही. पण भाव, सण, पाऊस असं सगळं एकत्र तपासायचं असेल तर पुढची पायरी घ्या.

५. टूल्स मेनूत इन्स्टॉल पॅकेजेसमध्ये जाऊन 'आरस्टॅनआर्म' टाका. यातली मॉडेल्स आधीच कंपाइल केलेली असतात, म्हणून सुरुवातीला हेच सोपं. मध्येच 'सोर्समधून कंपाइल करू का?' असं विचारलं तर 'नो' म्हणा.

'बीआरएमएस' जास्त लवचिक आहे, पण त्याला कंपायलर लागतो. विंडोजवर त्यासाठी 'आरटूल्स' घ्यावं लागतं, आणि तेही तुमच्या आरच्या आवृत्तीला जुळणारंच. घाई नको.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आधीचा अनुभव म्हणजे मनाला वाटेल तो आकडा नाही. 'हे चालणारच' असं धरून १० पैकी ९ लिहिलेत, तर कॉम्प्युटरही तुमच्या होला हो मिळवेल. वहीत नोंद असेल तोच आकडा घ्या.

आजचा गृहपाठ: चौथी पायरी तुमच्या स्वतःच्या मालाच्या आकड्यांवर करा. ऑर्डर त्यानंतरच!