शेजारच्या राष्ट्रांनीं एका सत्तेखालीं यावें काय?

शेजारच्या राष्ट्रांनीं आपापलीं निराळीं सरकारें मोडून एका सरकाराच्या छत्राखालीं नांदावें कीं नाहीं, हा प्रश्न शाळांच्या वादविवाद-सभांत पुष्कळदां येतो. अनुकूल बाजूचा वक्ता म्हणतो, ‘सीमा गेल्या म्हणजे लढाया जातील.’ प्रतिकूल बाजूचा म्हणतो, ‘मोठा लहानास गिळील.’ टाळ्या दोघांसही मिळतात, आणि घंटा झाल्यावर प्रश्न जेथल्या तेथें राहतो. याचें कारण, आमच्या समजुतीप्रमाणें, असें कीं दोन्ही पक्ष बहुधा दूरदेशच्या गोष्टी सांगतात. वस्तुतः आपल्या नगर जिल्ह्याच्या भूमीवरच या प्रश्नाचे प्रयोग होऊन गेले आहेत, आणि एक अद्यापि चालू आहे. ते नीट पाहिले, तर उत्तर शोधण्यास फार लांब जावें लागणार नाहीं.

आरंभीं शब्दांचा अर्थ ठरवून घेऊं. शेजाऱ्यांचें ऐक्य तीन प्रकारचें असतें. शत्रूपुरतें किंवा कामापुरतें एकत्र येणें ही युती होय. कांहीं अधिकार सर्वांनीं मिळून नेमलेल्या सत्तेस देणें व बाकीचे घरीं ठेवणें यास संघ म्हणतात. सगळेच अधिकार एका सरकारास देणें ही एकसत्ता होय. पुष्कळसे वाद हे तीन प्रकार एकच समजल्यामुळें माजतात.

आतां पहिला प्रयोग. बहामनी राज्य मोडल्यावर दक्षिणेंत पांच शाह्या उदयास आल्या: अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बेदरची बरीदशाही. मलिक अहमद १४९० सालीं स्वतंत्र झाला व १४९४ सालीं त्यानें आपल्या या शहराचा पाया घातला. पांचही शाह्यांचा दरबारी व्यवहार फारसींत चाले, धर्म एक होता, आणि सोयरीक तर घरोघर होती. ऐक्यास याहून अनुकूल सामग्री कोणती पाहिजे? पण परिणाम काय झाला तो पाहा. विजापूरची राजकन्या १५२४ सालीं बुऱ्हाण निजामशहास दिली, तेव्हां सोलापूर आंदण द्यावयाचें ठरलें; तें दिलें गेलें नाहीं, आणि त्या एका किल्ल्यापायीं दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षें लढाया झाल्या. लग्नानें जोडलेलें आंदणानें मोडलें.

पुढें विजापूर व गोवळकोंडे यांनीं विजयनगरच्या रामरायास बरोबर घेऊन अहमदनगरवरच स्वारी केली. थोड्याच वर्षांत वारा फिरला. रामराय डोईजड झाला असें वाटतांच हेच शेजारी हुसेन निजामशहाशीं एक झाले. हुसेनची कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, सोलापूर या वेळीं खरोखरच आंदण गेलें, आणि १५६५ च्या जानेवारींत तालिकोटच्या लढाईंत विजयनगरचा मोड झाला. शत्रू पडतांच युतीचें कामही संपलें. १५७४ सालीं नगरनें वऱ्हाडची शाही जिंकून घेतली. ज्यांनीं एकमेकांस संभाळावयाचें तेच एकमेकांस गिळूं लागले.

नंतर उत्तरेकडून मोंगल आले. आणि त्यांस बोलावणें धाडलें तें नगरच्याच दरबारांतील एका पक्षानें! १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुराद यानें किल्ल्यास वेढा दिला. तट फुटला असतां चांदबिबीनें स्वतः उभें राहून रातोरात तो बांधून काढविला, ही कथा नगरच्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पण त्या कथेचा उत्तरार्ध आपण क्वचित् सांगतों. विजापूर व गोवळकोंडे यांचें सैन्य मदतीस निघालें होतें. तें पोंचण्यापूर्वीं वऱ्हाड देऊन तह करावा लागला. १५९७ सालीं तिन्ही राज्यांची संयुक्त फौज गोदावरीच्या कांठीं लढली व हरली. १६०० सालीं चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि किल्ला पडला. १६३६ सालीं निजामशाही संपली, तेव्हां तिचा मुलूख मोंगलांबरोबर कोणीं वांटून घेतला? तिच्या जुन्या सोयऱ्यानें, विजापूरनें. पुढें ५० वर्षांनीं, १६८६ सालीं, विजापूर पडलें व १६८७ सालीं गोवळकोंडे. नगर येथें १५४९ सालीं ओतलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. दोन शेजाऱ्यांच्या संबंधाचा सारा इतिहास त्या एका तोफेंत सांठविलेला आहे.

या प्रयोगापासून धडा हा कीं, समान भाषा, समान धर्म, सोयरीक आणि समान शत्रू या चारही गोष्टी असूनसुद्धां ऐक्य टिकत नाहीं. त्या शाह्यांपाशीं नव्हतें तें एवढेंच: सोलापूर कोणाचें हें लढाईवांचून ठरवील असें, दोघांसही मान्य, एखादें न्यायासन.

दुसरा प्रयोग आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळचा. नेवासें तालुक्यांत जेथें प्रवरा गोदावरीस मिळते, तेथें टोक्याच्या घाटावर उभें राहून पलीकडे पाहिलें म्हणजे कायगांव दिसतें. १९४८ पर्यंत अलीकडचा कांठ ब्रिटिश अमलांतील व नंतर स्वतंत्र हिंदुस्थानांतील मुंबई प्रांताचा, आणि पलीकडचा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा होता. दोन्ही कांठांवर बोली मराठीच, देव तेच, सोयरेधायरे तेच. परंतु पलीकडे नाणें हाली सिक्क्याचें, टपालाचीं तिकिटें निराळीं, आणि माल नेतांना करोडगिरीची जकात निराळी. सुमारें ७ हाली रुपयांस ६ इंग्रजी रुपये असा भाव पडे. एका कुटुंबांतील बहीण अलीकडे व भाऊ पलीकडे असला, तर ओवाळणीच्या रुपयाचासुद्धां हिशेब करावा लागे.

ही सीमा गेली ती कशी, हें लपवूं नये. १९४८ च्या सप्टेंबरांत भारताचें सैन्य हैदराबादेंत शिरलें व १७ सप्टेंबर रोजीं निजामाच्या फौजेनें शरणागति पत्करली. त्यापूर्वीं रझाकारांनीं रयतेचा छळ केला होता. त्यानंतरही निरपराध माणसांचें रक्त सांडलें. बळानें सीमा पुसतां येते. विश्वास मात्र बळानें उत्पन्न करतां येत नाहीं. तो पुढें मतपेटीनें व करारानें हळूहळू उत्पन्न करावा लागला. २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर येथें पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा येथील पुढाऱ्यांनीं जो करार केला, त्यांत एक राज्य झाल्यावर खर्चाची वांटणी लोकसंख्येच्या मानानें व्हावी, मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावें, आणि विधिमंडळाचें एक अधिवेशन नागपुरास भरावें, अशीं कलमें होतीं. एकत्र येण्यापूर्वींच दुर्बळ भागीदारानें आपली शंका कागदावर मांडली व सबळ भागीदारानें ती ऐकून घेतली, हें त्या कराराचें महत्त्व होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. टोकें व कायगांव एका सरकाराखालीं आलीं.

मग भांडण संपलें काय? येथेंच तिसरा प्रयोग सुरू होतो, आणि त्याचे साक्षीदार आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण आहेत. पैठण येथें जायकवाडीच्या धरणाची कोनशिला १९६५ सालीं बसली व १९७६ सालीं त्याचें उद्घाटन झालें. त्याच्या जलाशयाचें पाणी शेवगांव-नेवाशांतील जमिनींवर पसरलें. नगरच्या शेतकऱ्यांचीं गांवें उठलीं आणि मराठवाड्याचीं शेतें भिजलीं. उलट वरच्या बाजूस प्रवरेवर भंडारदरा, मुळेवर मुळा धरण, आणि नाशिकाकडे दारणा व गंगापूर हीं धरणें आहेत. पाऊस कमी झाला कीं वरचा म्हणतो, ‘आमचा ऊस व आमचीं गांवें वाळतील’. खालचा म्हणतो, ‘आम्हांस प्यावयासही पाणी नाहीं.’ दोघेही खरें बोलतात. म्हणूनच हा वाद कठीण आहे.

शाह्यांच्या काळीं असा वाद उद्भवता तर त्याचा निकाल भाल्याच्या टोकानें लागता. आज काय होतें? २००५ सालीं राज्यानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यांत एका खोऱ्यांतील तुटीचा भार वरच्यांनीं व खालच्यांनीं सारख्या न्यायानें सोसावा, हें तत्त्व घातलें. त्यास समन्यायी पाणीवाटप म्हणतात. २०१४ सालीं प्राधिकरणानें अशी कसोटी ठरविली कीं, १५ ऑक्टोबर रोजीं जायकवाडींतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावें. ती कसोटी नगर-नाशिकच्या लोकांस मान्य झाली नाहीं. ते मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेले. २०१६ सालीं न्यायालयानें समन्यायी वांटपाचें तत्त्व उचलून धरलें. त्यानंतरही मोर्चे निघाले, रस्ते अडविले गेले, कसोटीचे आंकडे पुन्हां तपासावे अशी मागणी झाली. परंतु नगरनें पैठणावर फौज पाठविली नाहीं व पैठणनें नगरचा तट फोडला नाहीं. एका सत्तेनें भांडण नाहींसें होत नाहीं. भांडणाची जागा बदलते. रणांगणावरचें भांडण न्यायासनापुढें येतें. हा लाभ थोडा नव्हे.

तर मग सर्व शेजारी राष्ट्रांनीं उद्यांच एकसत्ता करावी काय? या प्रश्नाचा विचार आपल्या किल्ल्यांत एका मोठ्या पुरुषानें केला आहे. १९४२ च्या ऑगस्टांत जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद प्रभृति नेते येथें स्थानबद्ध होते. १९४४ सालीं याच किल्ल्यांत नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला व त्यांत असें मत मांडलें कीं, लहान राष्ट्रीय राज्यांस स्वतंत्र राजकीय घटक म्हणून पुढें टिकाव नाहीं. भविष्य मोठ्या संघांचें आहे. त्यांचे सोबती पटेल यांनीं पुढें ५५० हून अधिक संस्थानें भारतांत विलीन करण्याचें कार्य पार पाडलें. तथापि जग सर्वस्वीं नेहरूंच्या अपेक्षेप्रमाणें चाललें नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद १९४५ सालीं ५१ होते, ते आज १९३ आहेत. घाईनें केलेल्या एकसत्तेची गति मिसर व सीरिया यांनीं दाखविली: १९५८ सालीं दोघांचें एक राज्य झालें आणि १९६१ सालीं सीरिया बाहेर पडला, कारण दमास्कसच्या लोकांस आपलें राज्य कैरोहून चालतें असें वाटूं लागलें.

याउलट फ्रान्स व जर्मनी यांचा मार्ग पाहा. १८७० पासून ७५ वर्षांत हीं राष्ट्रें तीन वेळां लढलीं. १९५१ सालीं त्यांनीं आणखी चार शेजाऱ्यांसह केवळ कोळसा व पोलाद या दोन जिनसा एका समाईक मंडळाच्या हातीं दिल्या; कारण तोफा त्यांच्याच होतात. त्यांतून पायरीपायरीनें युरोपीय संघ उभा राहिला. तेथें आजही प्रत्येक राष्ट्राचें सरकार निराळें आहे, पण समाईक कायद्याच्या अर्थाबद्दल तंटा पडल्यास समाईक न्यायालय आहे. ज्यास नको तो जाऊंही शकतो. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन बाहेर पडलें, आणि त्यासाठीं एकही गोळी सुटली नाहीं.

आपल्या उपखंडांतही एक अर्धा प्रयत्न झाला. १९६० सालीं भारत व पाकिस्तान यांनीं सिंधु खोऱ्यांतील सहा नद्यांचें पाणी करारानें वांटून घेतलें. १९६५ व १९७१ चीं युद्धें झालीं, तरी तो करार टिकला. पण पहलगामच्या हत्याकांडानंतर, एप्रिल २०२५ मध्यें, भारतानें तो स्थगित केला. परस्परांवर विश्वास उरला नाहीं म्हणजे दोन सार्वभौम राष्ट्रांमधील कागद किती नाजूक असतो, हें यावरून कळतें. जायकवाडीचा वाद न्यायासनापुढें राहूं शकतो, कारण त्या न्यायासनाचा हुकूम दोन्ही कांठांवर चालतो.

आमचें मत आतां थोडक्यांत सांगतों. शेजाऱ्यांनीं एक व्हावें. परंतु आधीं ज्या वस्तूंवरून भांडण होतें त्या वस्तूंपुरतें, आणि मग जितका विश्वास वाढेल तितकें. नदी, रेल्वे, नाणें, व्यापार हीं समाईक होऊं शकतात. भाषा, शाळा व गांवचा कारभार घरींच राहावा. ऐक्याचा करार होईल तेव्हां पहिला शब्द दुर्बळास बोलूं द्यावा. आणि निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी तो पाळण्याची तयारी दोघांचीही असावी. ही शेवटची अट सर्वांत कठीण आहे. जो आपल्या धरणाचें दार उघडण्याचा हुकूम मानतो, तोच ऐक्यास लायक ठरतो.

विद्यार्थ्यांनो, सुटींत किल्ल्यावर जाल तेव्हां चांदबिबीनें बांधविलेला तट आठवा. तो एका रात्रींत उभा राहिला, कारण शत्रू दाराशीं होता. शेजाऱ्यांमधील विश्वासाचा तट मात्र एका रात्रींत बांधतां येत नाहीं. तो शत्रू नसतांनाच, सवडीनें, एकेक दगड रचून बांधावा लागतो. तुमच्यांतील कांहींचीं शेतें प्रवरेच्या कालव्यावर आहेत, कांहींचे मामा पैठणाच्या बाजूस राहतात. पुढच्या दुष्काळांत हा प्रश्न तुमच्या घरांत येईल. तेव्हां मामाचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घ्या, आणि मगच आपलें सांगा.