जुन्या वळणाचे सोपे कागदकाम
(आठ वर्षांपुढील मुले व त्यांचे पालक यांच्यासाठी घरगुती पाठ)

देवघरातील जुनी पोथी उघडली म्हणजे प्रथम दृष्टीस भरतो तो तिचा कागद. त्याचा तपकिरी रंग, त्यावरील ठसठशीत काळी अक्षरे आणि दोन्ही कडांच्या तांबड्या रेघा पाहून असे पान आपणही करावे, असे मुलांस वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य घरातच मिळते. तथापि हात घालण्यापूर्वी एक भेद ध्यानी घ्यावा. जुना दिसणारा कागद आणि पुष्कळ वर्षे टिकणारा कागद या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. कोणत्या कामास कोणता योजावा, हे कळणे हाच या पाठाचा गाभा होय.

जुना कागद टिकला कसा?

गिरणीचा कागद सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी महाराष्ट्रात दौलताबादेजवळील कागजीपुरा व जुन्नर ही हातकागदाची नामांकित ठिकाणे होती. पेशवाईच्या दप्तरात अशा कागदावरील लेखन आजही वाचता येते. चिंध्या व जुने ताग-दोर कुटून, भिजवून त्यांचा लगदा करीत. तो पाण्यात कालवून चाळणीवजा साच्यावर त्याचा पातळ थर उचलीत. वाळलेल्या कागदास खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटीत, म्हणजे शाई फुटत नसे. चिंध्यांतील कापसाचे तंतू लांब व चिवट असतात; म्हणून तो कागद शेकडो वर्षे तग धरतो.

वर्तमानपत्राचा कागद याच्या उलट. तो लाकूड दळून केलेला असतो. लाकडातील तंतूंना जखडून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य त्यात राहते. ऊन व हवा लागताच ते पिवळे पडते, आम्लता वाढते आणि कागद ठिसूळ होतो. तेव्हा पिवळेपणा हे प्रत्येक वेळी थोर वयाचे लक्षण नव्हे. पुष्कळदा ते अशक्तपणाचे लक्षण असते.

ही हातकला गिरण्यांच्या स्पर्धेत मागे पडली. १९३४ साली वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. महात्मा गांधींच्या प्रेरणेने चाललेल्या या संस्थेचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा होते, आणि तिने पुनरुज्जीवनासाठी हाती घेतलेल्या उद्योगांत हातकागदाचाही समावेश होता. पुढे १९४० साली पुण्यास हातकागद संस्था उभी राहिली. आपल्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्याचा या कलेशी असा निकटचा संबंध आहे.

कृती पहिली : कागदास जुना रंग देणे

एक पेला पाण्यात दोन चमचे चहाची पूड घालून पाच मिनिटे उकळावी. पाणी गाळून पूर्ण निवू द्यावे. उकळण्याचे काम मोठ्यांनी करावे. परातीत हे पाणी ओतून जाडसर कोरा कागद त्यात दोन-तीन मिनिटे बुडवावा. भिजलेला कागद सहज फाटतो, म्हणून दोन्ही हातांनी हलकेच उचलावा आणि सावलीत सपाट फळीवर वाळवावा. अर्धवट सुकल्यावर त्यावर स्वच्छ फडके पसरून कोमट इस्त्री फिरविली असता सुरकुत्या जातात. चिमूटभर हळद मिसळल्यास सोनेरी छटा येते. परंतु हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो. कडा जाळण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ती मुलांनी करू नये. कडेस पट्टी धरून कागद हाताने फाडला, तरी तसाच खडबडीत काठ मिळतो.

चहातील टॅनिन किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे असा कागद दिसतो जुना, पण टिकतो थोडा. निमंत्रण, शुभेच्छापत्र, लखोटा, दिवाळीचा आकाशकंदील अशा थोड्या दिवसांच्या वस्तूंसाठीच तो योजावा.

कृती दुसरी : लखोटा

रंगविलेल्या कागदाचा २० सें.मी. बाजूचा चौरस कापावा. एक कोपरा आपल्याकडे येईल असा तो मांडावा. कर्णांच्या हलक्या घड्या घालून मध्यबिंदू काढावा. डावा व उजवा कोपरा मध्यबिंदूपर्यंत दुमडावा. खालचा कोपरा मध्यबिंदूच्या एक सें.मी. पुढे आणून खळीने चिकटवावा. वरचा कोपरा हे झाकण होय. सुमारे १४ सें.मी. बाजूचा लखोटा तयार होतो.

खळीसाठी तांदळाची कणी भिजवून वाटावी व पाण्यात शिजवावी. आपल्या भाताच्या जिल्ह्यात तिचा तोटा नाही. खळ ताजीच वापरावी व पातळ लावावी, कारण जाड थरास कीड लागते.

कृती तिसरी : घरची पोथी

ही कृती टिकाऊ वस्तूची आहे; म्हणून येथे चहा वर्ज्य. शक्य असल्यास सुती हातकागद आणावा. न मिळाल्यास चांगला जाड, आम्लविरहित कोरा कागद घ्यावा. ए-४ आकाराचा कागद लांबीच्या दिशेने मधोमध कापला की २९.७ × १०.५ सें.मी. आकाराची दोन पाने होतात. दोन्ही बाजूंस अडीच सें.मी. समास सोडून तांबड्या जोडरेघा ओढाव्यात. मधल्या जागेत सात-आठ ओळी लिहाव्यात. पोथीचे पान खालून वर उलटतात. मागील बाजू लिहिताना हे लक्षात ठेवावे. पाण्याने न फुटणारी काळी शाई घ्यावी. जुनी शाई काजळाची असे, आणि काजळ उन्हाने फिके पडत नाही.

पाने शिवू नयेत. ३१ × १२ सें.मी. आकाराच्या दोन पुठ्ठ्यांवर चहात रंगविलेला कागद चिकटवून त्यांच्यामध्ये पाने ठेवावीत. रंगीत पुठ्ठा व पहिले पान, तसेच शेवटचे पान व पुठ्ठा, यांच्यामध्ये एकेक कोरे पान घालावे, म्हणजे आम्लाचा स्पर्श लेखनास होणार नाही. शेवटी तांबड्या सुती रुमालात पोथी बांधावी.

आता तीत लिहावे काय? छापील आरत्या व स्तोत्रे बाजारात मिळतात. जे कोठेच छापलेले नाही ते लिहावे : आपले कुलदैवत कोणते, नवरात्रात घट कसे बसतात, गौरींच्या नैवेद्यात कोणते पदार्थ असतात, कोणत्या आरतीमागून कोणती म्हणतात, आणि मागील तीन पिढ्यांतील स्त्री-पुरुषांची नावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर, भंडारा आदी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. येथील मराठी घरांतील मुलांचे शिक्षण बहुधा हिंदीत वा इंग्रजीत होते. त्यामुळे आजीच्या तोंडचे पुष्कळसे मराठी शब्द व कुळाचार लेखी स्वरूपात कोठेच नसतात. ती स्मरणातून गेली की जातातच. हिंदी शिकलेल्या मुलास देवनागरी लिपी परकी नाही. त्याने ‘ळ’ तेवढा मुद्दाम गिरवावा. आजीने सांगावे, नातवाने लिहावे, आईवडिलांनी तपासावे.

अखेरच्या पानावर पुष्पिका लिहावी. लेखकाने आपले नाव, गाव, तिथी व शके नोंदविण्याची ही जुनी प्रथा आहे. इसवी सनातून ७८ वजा केले असता शके मिळते. १ जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत मात्र ७९ वजा करावेत. पुष्पिकेमुळे पुढे कोणी आपले नवे काम चुकून प्राचीन समजणार नाही. वस्तूला जुने रूप देणे ही कला आहे. तिचे वय खोटे सांगणे ही फसवणूक आहे.

खऱ्या जुन्या कागदांविषयी सावधगिरी

घरात खरोखर जुनी पोथी, पत्रे वा दस्तऐवज असतील तर त्यांवर वरीलपैकी कोणताही प्रयोग करू नये. फाटलेल्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कालांतराने तपकिरी होऊन कागदात मुरतो. प्लास्टिकच्या आवरणात कागद कायमचा बंद करू नये. त्याचे छायाचित्र काढून शोभेसाठी ते वापरावे आणि मूळ कागद सुती वस्त्रात, कोरड्या जागी ठेवावा. वैनगंगेच्या या खोऱ्यात पावसाळ्यात ओल पुष्कळ असते. म्हणून पाऊस सरल्यावर पोथ्या सावलीत उघडून वारा द्यावा, कडक उन्हात नव्हे.

जुने लेखक ग्रंथाच्या शेवटी वाचकास विनवीत की, या पुस्तकास तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपावे. त्या तीन गोष्टी आजही तशाच लागू आहेत. समईजवळ पोथी ठेवू नये, ओल्या हाताने पान उलटू नये आणि रुमालाची गाठ घट्ट असावी.

घरचा अभ्यास

१. वर्तमानपत्राचा एक तुकडा व हातकागदाचा एक तुकडा खिडकीत उन्हात ठेवावा. पंधरा दिवसांनी दोहोंच्या रंगांतील फरक पाहावा.

२. रंगविलेल्या कागदाचा एक लखोटा करून त्यात दूरच्या नातलगास मराठीतून पत्र लिहावे.

३. घरातील सर्वांत वडील व्यक्तीस कुळाचाराविषयी पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून पोथीचे पहिले पान सिद्ध करावे. हे काम मात्र पुढील सणाची वाट न पाहता याच आठवड्यात आरंभावे.