लाभांशासाठी नवे भाग घ्यावेत काय?

ऊस, द्राक्षे अगर कापूस यांचे पैसे हाती आले, किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला, म्हणजे ही रक्कम कोठे ठेवावी असा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहतो. अशा वेळी एखाद्या कंपनीची नवी भागविक्री निघते आणि तिच्या लाभांशाचा मोठा आकडा कानांवर येतो. पिकाचा पैसा पुढील हंगामात पुन्हा येऊ शकतो. जमिनीचा मोबदला मात्र एकदाच येतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याचा विचार येथे केला आहे.

व्याज आणि लाभांश यांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावा. जमीन खंडाने दिली तर पीक येवो वा न येवो, ठरलेला खंड मागता येतो. बटईने दिली तर पिकेल त्याचाच वाटा मिळतो. बँकेतील ठेवीचे व्याज हे खंडासारखे आहे, लाभांश हा बटईच्या वाट्यासारखा. नफा झाला तरी तो वाटलाच पाहिजे असे बंधन साधारण भागांच्या बाबतीत कंपनीवर नसते. गतवर्षी मिळाला म्हणून यंदा मिळेलच असे मानणे चूक होय.

१. लाभांश शेकडा किती, व कशावर? लाभांशाचा दर पुष्कळदा भागाच्या दर्शनी किमतीवर सांगतात. आपण पैसे भरतो ते विक्रीच्या किमतीने. भारतीय आयुर्विमा महामंडळाचे उदाहरण घ्या. २०२२ च्या मे महिन्यात त्याचे भाग विक्रीस निघाले. दर्शनी किंमत १० रुपये होती. लहान गुंतवणूकदारास सवलत वजा जाता भाग ९०४ रुपयांस पडला. २०२४-२५ सालासाठी लाभांश भागास १२ रुपये जाहीर झाला. दर्शनी किमतीवर हा दर शेकडा १२० होतो! परंतु किमान १५ भागांसाठी १३,५६० रुपये भरणाऱ्यास त्या सालाबद्दल मिळाले १८० रुपये, म्हणजे शेकडा सुमारे १.३३. संस्था लहान नव्हे, हिशेबात लबाडी नव्हे. केवळ दर कशावर काढला हे पाहावयाचे असते.

२. आपला पैसा कोणाकडे जातो? कंपनी नवे भाग काढते तेव्हा पैसा तिच्या तिजोरीत येतो व कारखाना वाढविण्यास अथवा कर्ज फेडण्यास लागतो. अशा ठिकाणी नव्या कलमाप्रमाणे फळासाठी काही वर्षे थांबावे लागते. दुसऱ्या प्रकारात जुना मालक आपलेच भाग विकतो आणि सारा पैसा त्यास मिळतो. वरील विक्रीत भाग केंद्र सरकारचे होते. महामंडळास त्यातून काही मिळाले नाही. दुसरा प्रकार वाईटच असे नाही, कारण चालता धंदा आयता हाती येतो. परंतु जाणता मालक या वेळी व या भावाने का विकतो, हा प्रश्न स्वतःस विचारावा.

३. लाभांश टिकेल काय? कोल इंडियाचे भाग २०१० साली सरकारने विकले. लहान गुंतवणूकदारास भाग २३२.७५ रुपयांस मिळाला. २०१३-१४ साली या कंपनीने भागास २९ रुपये वाटले, म्हणजे भरलेल्या रकमेवर शेकडा साडेबारांच्या जवळपास. तोच आकडा धरून पुढील संसार आखणाऱ्यास २०१९-२० साली १२ रुपयेच मिळाले, आणि २०२० च्या ऑक्टोबरात भागाचा भाव १२० रुपयांच्याही खाली होता. लाभांश थांबला नव्हता हे खरे. परंतु त्या महिन्यात मुलीच्या लग्नासाठी वा विहिरीसाठी ज्यास भाग विकावे लागले असतील, त्याचे निम्मे मुद्दल गेले. म्हणून विक्रीच्या माहितीपत्रकातील मागील ३ वर्षांचे हिशेब, जोखमीचे प्रकरण व लाभांशाचे धोरण ही तीन ठिकाणे जाणत्याकडून वाचून घ्यावीत. लाभांश नफ्यातून व रोख जमेतून दिला आहे, की कर्ज वाढवून, हे तेथे कळते. बियाणे विकून केलेली दिवाळी पुढच्या वर्षी होत नाही.

४. कर किती जाईल? शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, म्हणून चहामळ्याच्या अगर बियाण्याच्या कंपनीचा लाभांशही मोकळा असेल, असा काहींचा समज असतो. तो बरोबर नाही. चहाच्या कंपनीचा लाभांश हे भागधारकाचे शेतीउत्पन्न नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच दिला आहे. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो. ठेवीशी तुलना करताना दोहोंकडील कर वजा करूनच करावी.

सहकारी कारखान्याच्या भागांस मात्र हे माप लावू नये. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याने अशा संस्थांच्या लाभांशास सामान्यतः शेकडा १५ ची मर्यादा घातली आहे. तो भाग आपण घेतो तो ऊस घालण्यासाठी व सभेतील एका मतासाठी.

विक्री बंद होण्याची तारीख जवळ आली म्हणून घाई करण्याचे कारण नाही. लाभांशासाठी घ्यावयाचा भाग पुढेही बाजारात मिळतो. आयुर्विमा महामंडळाचा भाग १७ मे २०२२ रोजी बाजारात आला, तेव्हा पहिल्याच दिवसाअखेर त्याचा भाव ९०४ रुपयांहून कमी होता. एकदोन वर्षांचा लाभांश पाहून मग घेणारा मागे राहतोच असे नाही.

तात्पर्य, अर्जापूर्वी वहीत चार ओळी लिहाव्यात: आपण भरणार ती किंमत, मागील ३ वर्षांत दर भागास मिळालेले रुपये, त्यांचे त्या किमतीशी शेकडा प्रमाण, कर वजा जाता, आणि ही रक्कम किती वर्षे लागणार नाही. पेरणीचा, पीककर्जाच्या हप्त्याचा व घरच्या अडीअडचणीचा पैसा यात धरूच नये. चारांपैकी एकही ओळ कोरी राहिली, तर अर्जही कोराच ठेवावा.