पेशीतला निरोप्या आणि तोंडाचा कर्करोग



उकाई-काकरापारच्या पाण्यावर सुरत जिल्ह्यातला ऊस उभा आहे. पाटाच्या पाण्याचा नियम आपणांस सांगायला नको. पाळी येते, चिठ्ठी मिळते, दार उघडते आणि वेळ संपली की लागते. दार लागलेच नाही तर काय होते? बांध फुटतात, उसाची मुळे कुजतात आणि खालच्या शेतकऱ्याचे शेत कोरडे राहते. पाणी वाईट नव्हते. ते थांबले नाही म्हणून घात झाला. कर्करोगाचेही असेच आहे. पेशींची वाढ वाईट नाही, न थांबणारी वाढ वाईट आहे. हे कसे घडते ते आजच्या पाठात पाहू.

१. हुकूम आत कसा पोचतो?

गालाच्या आतली कातडी रोज झिजते व रोज नवी होते. त्यासाठी पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात. पण स्वतःच्या मनाने नव्हे, हुकूम आल्यावरच. हा हुकूम म्हणजे बाहेरून आलेले एक लहानसे प्रथिन. तीच आपली चिठ्ठी समजा. पेशीच्या कडेवर चिठ्ठी घेणारा पहारेकरी असतो. चिठ्ठी मिळताच त्याच्या आतल्या अंगावर विशिष्ट खुणा उमटतात. आता दार उघडणाऱ्याला कोणीतरी बोलावून आणले पाहिजे.

हे काम ग्रब-टू नावाचे प्रथिन करते. याची रचना साधी आहे. २१७ दुव्यांची माळ आणि तिला तीन पकडी. मधली पकड पहारेकऱ्याच्या अंगावरची खूण धरते. बाजूच्या दोन पकडी सॉस नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून आणतात. सॉस जवळ आला की तो रास नावाचे दार उघडतो. तेथून निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो आणि पेशी दुभंगते. काम झाले की रास हे दार मदतनीस प्रथिनांच्या साहाय्याने मिटते.

ग्रब-टू स्वतः काही कापत नाही, काही घडवीत नाही. तो फक्त दोघांची गाठ घालून देतो. जू नांगरत नाही आणि ओढतही नाही. पण जू नसेल तर बैल एकीकडे आणि नांगर दुसरीकडे. अशा प्रथिनांना शास्त्रज्ञ अ‍ॅडॅप्टर म्हणतात. आपण जोडप्रथिन म्हणू.

२. किड्यात, कोंबडीत आणि माणसात

ग्रब-टूचा शोध १९९२ साली लागला. त्याच वर्षी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूक्ष्म कृमीतही असेच जोडप्रथिन सापडले. ते बिघडले की कृमीची अंडी बाहेर पडण्याची वाट नीट घडत नाही. उंदरांत हे प्रथिन पूर्ण काढून टाकले तर गर्भच जगत नाही. म्हणजे हा निरोप्या आपला वैरी नव्हे. त्याच्यावाचून शरीर घडतच नाही.

पण प्रमाण सुटले तर? १९८८ साली अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठात कोंबड्यांना गाठी आणणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास झाला. त्यात क्रक नावाचे जोडप्रथिन सापडले. त्याचे बीज विषाणूने मूळ कोंबडीच्याच पेशीतून उचललेले होते. स्वतः काही न करणारे प्रथिनही भलत्या वेळी, भलत्या प्रमाणात गाठी घालू लागले तर गाठ उठू शकते, हा धडा त्यातून मिळाला.

३. तंबाखू काय करते?

तोंडाच्या कर्करोगात पुष्कळदा पहारेकऱ्यांचीच संख्या फार वाढलेली असते. मग निरोप्याला विसावा राहत नाही. कधी कधी बिघाड त्याच्याही पुढे, रास या दारात होतो. तंबाखूतील विषारी द्रव्ये पेशीच्या बीजातले एखादे अक्षर बदलतात. तेवढ्याने दार उघडे अडकून बसते. मग चिठ्ठी नको, पहारेकरी नको आणि निरोप्याही नको. पाणी वाहतच राहते.

ही दूरची गोष्ट नाही. १९९१ साली मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आपल्या देशातील तंबाखू खाणाऱ्या रोग्यांच्या तोंडातील ५७ गाठींची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे ३५ टक्के गाठींत एच-रास नावाचे दार बिघडलेले होते. पुढच्या तपासण्यांत प्रमाण कमी आढळले. तरी गाल व हिरडीच्या कर्करोगात बिघडणाऱ्या बीजांच्या यादीत हे नाव कायम आहे.

४. औषधाची मर्यादा

सेटुक्सिमॅब नावाचे औषध पहारेकऱ्याला झाकून टाकते, म्हणजे चिठ्ठी पोचतच नाही. पण रासचे दारच अडकले असेल तर चिठ्ठी रोखून काय उपयोग? आतड्याच्या कर्करोगात हे स्पष्ट दिसून आले आहे. म्हणून तेथे हे औषध देण्यापूर्वी डॉक्टर रासची तपासणी करतात. शेजाऱ्याला लागू पडलेले औषध आपल्याला पडेलच असे नाही, त्याचे एक कारण हे आहे.

५. आपण काय करावे?

ऊसतोडीत भूक मारण्यासाठी तंबाखू मळली जाते. पुरुष मावा खातात, स्त्रिया मिसरी किंवा छिंकणी लावतात. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण सुपारीची पुडी वेगळी व तंबाखूची वेगळी घेऊन तोच गुटखा घरी तयार होतो. मिसरी ही दाताचे औषध नाही, तीही तंबाखूच आहे. सोडायला उशीर झाला असे कधीच नसते. सोडल्यावर धोका हळूहळू उतरतो.

महिन्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन गाल, हिरड्या, जीभ व जिभेखालची जागा पाहा. पुढीलपैकी काही दिसल्यास डॉक्टरांना दाखवा :

— दोन-तीन आठवड्यांत न भरलेले तोंडातले फोड किंवा जखम
— न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा
— तोंड उघडणे कमी होणे. आपलीच तीन बोटे उभी आत न जाणे
— मानेत गाठ, किंवा कारण नसता दात हलणे

सुरुवातीला हे दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. "सुरी लागली की कॅन्सर पसरतो" या भीतीने तुकडा तपासून घेण्याचे टाळू नका. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही. प्रथम जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा सुरतेच्या सिव्हिल हॉस्पिटलात जा. पुढे गरज पडली तर अहमदाबादचे गुजरात कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे आणि १९४१ पासून चालणारे मुंबईचे टाटा मेमोरियल आहे. लहान असताना सापडलेला रोग पुष्कळदा बरा होतो.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. जोडप्रथिन स्वतः काही करीत नाही, तरी ते का लागते?
२. रासचे दार अडकले तर चिठ्ठी रोखून का भागत नाही?
३. आपल्या घरात तंबाखू कोणकोणत्या नावाने येते? ती बंद करण्यास घरचे एकमेकांना कशी मदत करतील?